मानाच्या खुर्चीतला शिपाई

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. वर्गात हुडहुडी भरत होती म्हणून तिसरीची पोरं घेऊन मी शाळेच्या ओसरीवर उन्हात बसले होते. पाढे चालले होते. तेवढ्यात तालुक्याच्या रस्त्यानं एक सायकलवाला आला. तालुक्याच्या जिनातला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातला माणूस असावा, कारण केसांपासून चपलेपर्यंत त्याच्या अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले होते. पारावर बसलेल्या मंडळींना त्यानं काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही, पण बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली तेवढं दिसलं. मग आमचे सरपंच भाऊसाहेब टोपी हातात घेऊन ओसरीपाशी आले आणि म्हणाले, "बाई, हवालदार गेले. जिनातच गेले." त्यांच्या मागे आलेल्या एकानं, ज्याचं नाव मला चांगलं आठवतं पण लिहीत नाही, लगेच विचारलं, "मंग आता पेन्शन काकूच्या नावानं होईन ना?"

मला खरं तर त्या वेळी रडू यायला हवं होतं. पण आला तो राग. पोरांना सुटी दिली आणि आत जाऊन दाराला कडी लावून बसले. वर्गाच्या कोपऱ्यात ती खुर्ची होती. तिच्याकडे बघितलं तेव्हा मात्र डोळ्यांचं पाणी थांबेना...

दौलतराव हवालदार नव्हते हो. साधे शिपाई होते. ही बढती त्यांना गावानं दिलेली, फुकटची. आणि पेन्शन त्यांना कधीच नव्हती. या दोन गोष्टी मी या गावात इतक्यांदा, इतक्या माणसांना सांगितल्या आहेत की एखाद्या दगडाला सांगितल्या असत्या तर त्यालाही पाठ झाल्या असत्या.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी माझी पुसदहून राळेगावाकडच्या या गावात बदली झाली. आल्यावर थोड्याच दिवसांनी पंधरा ऑगस्ट. शाळेच्या अंगणात झेंड्यासमोर दोन्ही बाजूंना हात असलेली, वेताच्या बैठकीची एक खुर्ची मांडलेली होती. कुण्या साहेबाच्या मुक्कामासाठी कधीकाळी आणलेली, आणि गावात तशी तेवढीच. मला वाटलं, सरपंचांसाठी असेल. पण भाऊसाहेब बाजूला उभे राहिले आणि खाकी सदरा घातलेला, छातीवर बिल्ले लावलेला एक उंच, वाळलेला माणूस डावा पाय किंचित ओढत आला. सगळ्या गावानं हात जोडले. त्यानं झेंड्याला कडक सलाम ठोकला आणि मगच खुर्चीच्या अगदी कडेला टेकला, जशी नवी सून सासरच्या बाजेवर टेकते तशी. कार्यक्रम संपेपर्यंत तो मागे टेकला नाही. नंतर मी जवळ जाऊन नमस्कार केला तर उठून उभा राहिला. म्हटलं, "हवालदारसाहेब, बसा ना." तर म्हणाला, "मी शिपाई होतो बाई. तेही खेचरांवरचा. बंदूक होती, पन हातात जास्त करून दोरच राहे."

जपानच्या लढाईत ब्रह्मदेशातल्या चिखलात खेचरांवर सामान लादून डोंगर चढवायचा, हे त्यांचं काम. पावसात दोर भिजून आवळतो, सुकला की सैल पडतो, म्हणून गाठ कशी मारायची ते शिकून घ्यावं लागलं, एवढंच ते लढाईबद्दल मोकळेपणानं बोलत. डाव्या पायाची दोन बोटं त्या चिखलात सडून गेली. बुटाच्या पुढच्या भागात चिंध्या कोंबून ते चालत. पोरांनी विचारलं, किती जपानी मारले, की हसून सांगत, "मले काय माहीत? माह्या खेचरानं एकाले लात मारली होती, तो आपलाच होता." पोरं खो खो हसत. पारावरच्या मोठ्या माणसांना मात्र हे आवडत नसे. त्यांना बंदुकीतून गोळ्या झाडणारा हवालदार हवा होता, आणि तो त्यांनी आपल्यापुरता तयार करून ठेवलाच होता.

आता या मानापानात त्या माणसाचं पोट कसं मारलं गेलं ते सांगते. ते पलटणीत असताना बापाचं वावर भावांनी वाटून घेतलं. हा परत आला तर म्हणे, तुला काय कमी, तुला सरकारची पेन्शन. यांच्या वाट्याला आला नाल्याकाठचा पडीक तुकडा, ज्यात तरवटाशिवाय काही उगवत नाही. म्हणजे मजुरीवरच जगायचं. मजुरीला ते तयारच होते. पण ज्या माणसाला खुर्चीत बसवून सगळं गाव हात जोडतं, त्याला दुसऱ्या दिवशी निंदायला ये, डवरे धरायला ये, असं कोण सांगणार? मी एकदा एका चांगल्या कास्तकाराला सरळ विचारलं, "तुमच्याकडे माणसं कमी पडतात म्हणता, मग दौलतरावांना का बोलवत नाही?" तर त्यानं कानाला हात लावले. "बाई, तुमी असं बोलता कसं? त्यायच्या हातात म्या विळा देऊ? पाप लागन मले." मनानं वाईट नव्हता हो तो. खरंच पाप लागेल असंच त्याला वाटत होतं. सगळ्या गावाला तसंच वाटे. सरजाबाईंचीही तीच गत. त्यांची बायको, हवालदारीण! तिला कापूस वेचायला कुणी बोलावत नसे. ती बिचारी पहाटे रानात जाऊन पळसाची पानं आणी, दिवसभर पत्रावळी लावी आणि शेजारणीच्या हातून तालुक्याच्या बाजारात पाठवी. स्वतः बाजारात बसली असती तर तेही गावाला खपलं नसतं.

एकदा मी दौलतरावांना विचारलं की तुम्ही सांगत का नाही लोकांना, पेन्शन नाही म्हणून. म्हणाले, "सांगतो ना बाई. जो भेटते त्याले सांगतो. थे म्हनतात, हवालदार लाजून राह्यले, पैसा लपवून राह्यले. पेन्शनीले पंधरा वर्स नोकरी लागते. लढाई पाचच वर्सांत सरली, त्याले मी काय करू?" आणि हसले. ते हसणं मला आजही आठवतं. त्यात कुणावर राग नव्हता, आणि मला तेच नेमकं सहन होत नसे. मी भांडखोर बाई आहे. माझं म्हणणं होतं, सरकारनं काय करावं ते सरकार पाहील, अर्ज-विनंत्या करू, पण एका माणसाला उद्या वावरात ये म्हणून सांगणं तर गावाच्या हातात आहे ना? त्याला कुठल्या साहेबाची सही लागते? शाळेत पाणी भरायला तरी त्यांना ठेवा, म्हणून मी भाऊसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुमी बाहेरच्या. गावाची अब्रू तुमाले नाही समजत."

त्या खुर्चीची वेताची बैठक एका उन्हाळ्यात फाटली. पंधरा ऑगस्ट जवळ आला आणि वेत विणणारा कुणी मिळेना. मी दौलतरावांना बोलावलं. म्हटलं, तुमच्या हाताला दोराची सवय आहे, जमेल का? त्यांनी अंबाडीची सुतळी मागवली, ती भिजवली, ओसरीवर बसून दोन दिवस विणत राहिले. पोरं भोवती बसून बघत होती. त्या दोन दिवसांत मी त्यांना जितकं बोलताना ऐकलं तितकं नंतर कधी ऐकलं नाही. खेचरांची नावं सांगितली, एक चहा प्यायचं म्हणे, दुसरं गाणं ऐकल्याशिवाय चढण चढत नसे. विणून झालं तेव्हा शेवटचं टोक काही नीट बसेना. कुठूनही खोचलं तरी डाव्या हाताशी बाहेर डोकावायचंच. ते पुन्हा पुन्हा बोटानं आत ढकलत आणि चिडत, "हे एक बेटं ऐकत नाही." मी त्यांच्या हातावर मजुरी ठेवली. नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी मूठ मिटली, कपाळाला लावली, आणि म्हणाले, "गावातली पयली मजुरी आहे बाई ही. फौजेतून आलो तवापासूनची पयली." त्याच खुर्चीत बसवून त्यांना गावानं त्या पंधरा ऑगस्टला हार घातला. त्यानंतर दर वेळी खुर्चीत बसताना ते आधी ते सुतळीचं टोक आत खोचत, मग सलाम, मग टेकणं. लोकांना वाटे, फौजेतली काही रीत असेल.

चीनची लढाई लागली त्या थंडीत तर आमच्या गावाला देशभक्तीचं उधाण आलं होतं. खोटं नव्हतं ते. बायांनी अंगावरचं काढून दिलं, कुणी ज्वारीचं पोतं दिलं. शाळेत आम्ही जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले. मी पोरींना आणि गावातल्या बायांना टाके शिकवले. पण माप कुणाचं घ्यायचं? कुणीतरी म्हणालं, आपल्या हवालदारांचंच घ्या ना, जवानाचं माप जवानालाच माहीत. झालं. दर रविवारी दौलतरावांना त्या खुर्चीसमोर उभं करायचं, तयार झालेला स्वेटर अंगात घालायचा, बाह्या पुरतात का, गळा जातो का ते पाहायचं, आणि काढून गठ्ठ्यात ठेवायचा. ते हात वर करून निमूट उभे राहत. स्वेटर काढला की आत तोच विरलेला खाकी सदरा. डिसेंबर महिना, आणि अंगावर शहारे उभे राहिलेले. एका रविवारी मला राहवलं नाही. सगळ्या बायांच्या देखत म्हटलं, हा एक राहू द्या अंगात, आम्ही दुसरा विणू. त्यांनी तो डोक्यावरून काढला, घडी केली आणि गठ्ठ्यावर ठेवला. "तिकडं बर्फात पोरं हायेत, बाई. ज्याच्या नावानं विनला त्याले जाऊ द्या." बायांनी डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांना भरून आलं. पण त्यांच्यापैकी एकीनंही घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं नाही की या माणसाला उद्या वावरात बोलवा.

पुढे कापसाच्या हंगामात ते सकाळी दिसेनासे झाले. कुणी म्हणे पेन्शन आणायला गेले, कुणी म्हणे नातेवाइकांकडे. गावातल्याच एकानं कापसाची गाडी तालुक्याच्या जिनात नेली आणि तिथं त्याला दौलतराव दिसले. डोक्याला फडकं बांधून, पाठीवर बोजा घेऊन, कापसाच्या ढिगाऱ्यावर चढताना. दोन कोस जाऊन-येऊन चालत, त्या पायानं. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, म्हणून काम मिळत होतं. बातमी गावात पोचली आणि काय गहजब झाला म्हणता! पारावर बैठक बसली. मला वाटलं, आतातरी यांचे डोळे उघडतील. छे. चर्चा काय, तर हवालदारांनी गावची अब्रू घालवली. बाकीची गावं काय म्हणतील, स्वातंत्र्याच्या झेंड्याशी बसणारा माणूस जिनात हमाली करतो. भाऊसाहेब त्यांना समजवायला गेले, आणि हात जोडून म्हणाले, तुम्हाला काही कमी पडत असेल तर गाव देईल, पण हे नका करू. दौलतराव म्हणाले, "देनगी नको, भाऊसाहेब. काम द्या." भाऊसाहेबांना ते ऐकूच गेलं नाही. ऐकू येणार कसं, काम मागण्याइतका लहान माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हताच ना.

मग तो पंधरा ऑगस्ट आला. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे दोन शब्द बोलून हवालदारांना बसण्याची विनंती केली. दौलतराव बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मले ही खुर्ची नको. निंदन चालू हाय, माणसं भेटत नाही म्हनता. मले बोलवा. सरजेले बोलवा. आमचा दोघायचा हात चालते. मी भीक नाही मागून राह्यलो, काम मागून राह्यलो." एवढंच. आवाजही चढला नाही. त्या माणसानं सगळ्या गावासमोर आपली लाज अशी उघडी मांडली, यापेक्षा जास्त काय करायचं माणसानं? मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. केवढी नम्रता, केवढा साधेपणा! पुढच्या आठवड्यात गावानं वर्गणी काढून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्याच खुर्चीत बसवून. मी त्या सत्काराला गेले नाही. घरात बसून ढोलाचा आवाज ऐकत राहिले.

पुढची वर्षं ती तशीच गेली. पावसाळ्यात पत्रावळी आणि अर्धपोट, थंडीत जिन. पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा पुन्हा भाषणं, पुन्हा हार. जिनातल्या धुरळ्यानं त्यांना खोकला जडला. या दिवाळीनंतर एकदा सकाळी शाळेच्या समोरून जाताना मला दिसले. ती सत्काराची शाल कानावरून गुंडाळलेली, तिची जर निघून गेलेली. खोकल्याची उबळ आली म्हणून ओसरीच्या कठड्याला धरून थांबले. मी पाणी दिलं. म्हटलं, "आज नका जाऊ. मी काहीतरी बघते." पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "काय पाहता बाई आता... तुमी लई भांडल्या माह्यासाठी." मग वर्गात डोकावले आणि म्हणाले, "ते टोक बाहेर आलं असन. खोचून घ्याल जरा." आणि गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

जिनात बोजा टाकून कापसाच्या ढिगाशी टेकले ते उठलेच नाहीत, असं त्या सायकलवाल्यानं सांगितलं. बैलगाडीतून आणलं त्यांना, तीच शाल पांघरून. आणि मग काय सांगावं, आमच्या गावानं अंत्ययात्रा काढली ती अशी की आजूबाजूच्या गावांनी नाव घ्यावं. वेचणी बंद, बैलजोड्या घरी. दौलतराव अमर रहे म्हणून पोरांचे घसे बसले. मोठी मोठी माणसं हमसून रडली, आणि मी सांगते, ते रडणं खरं होतं. या लोकांनी त्यांच्यावर प्रेम केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण जवळ जाऊन त्यांचा हात कुणी पाहिला नाही, त्या हाताला काय हवं होतं ते कुणाला कळलं नाही. सरजाबाई रडल्या नाहीत. खांदेकऱ्यांकडे बघत नुसत्या उभ्या होत्या.

मग सव्वीस जानेवारी आला. मी भाऊसाहेबांना म्हटलं होतं, या वेळी खुर्ची नका मांडू. ऐकतात कुठे. खुर्ची मांडली, तिला झेंडूचा हार घातला, समोर उदबत्ती लावली. झेंडा झाल्यावर सरजाबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या त्या सरळ रानातून, पानांचा भारा अंगणाबाहेर ठेवून. कपाळ मोकळं, हात मोकळे. भाऊसाहेब म्हणाले, "काकू, आता हा मान तुमचा. बसा या खुर्चीत."

सरजाबाई पुढे आल्या. हार त्यांनी उचलून बाजूला ठेवला. बैठकीवरून हात फिरवला, डाव्या बाजूचं ते बाहेर आलेलं टोक बोटानं आत खोचलं. मग मागे सरून उभ्या राहिल्या.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "या खुर्चीत बसलं का मंग कोनी काम सांगत नाही. उद्या कोनाच्या वावरात वेचनी हाय, तेवढं सांगा मले."

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. थोडा वेळ वाट पाहून सरजाबाईंनी भारा डोक्यावर घेतला आणि त्या निघून गेल्या.

खुर्ची परत माझ्या वर्गाच्या कोपऱ्यात आहे. तिच्यात मी बसत नाही, पोरांनाही बसू देत नाही. रोज सकाळी शाळा उघडली की आधी ते सुतळीचं टोक आत ढकलते, दुपारपर्यंत ते पुन्हा बाहेर आलेलं असतं. शेवटची वेचणी अजून चालू आहे, पारावर माणसं मिळत नाहीत म्हणून तक्रारीही चालू आहेत. आणि सरजाबाई रोज सकाळी शाळेसमोरून जिनाच्या रस्त्याला लागतात. त्यांनी सव्वीस जानेवारीला जे विचारलं होतं ते अजून त्यांना कुणी सांगितलेलं नाही.